रानटी ब्लॅकबेरीचा टिकणारा रंग फळात नाही, पाल्यात आहे

प्रश्न थोडक्यात असा: रानातली पिकलेली ब्लॅकबेरी ठेचून तिच्या रसात सुती कापड उकळलं, रंग धरावा म्हणून मीठ आणि व्हिनेगर घातलं. गडद जांभळा रंग आला. पहिल्याच धुण्यात तो निळसर राखाडी झाला आणि पुढच्या दोन आठवड्यांत उन्हात वाळता वाळता जवळजवळ उडाला. चूक कुठे झाली, आणि या झुडपातून पक्का रंग निघतो का?

निघतो, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. मात्र तो फळातून येत नाही. ब्लॅकबेरीचा खरा रंग कोवळ्या कोंबांत आणि पानांत असतो. छटाही वेगळ्या येतात: फिकट पिवळसर, खाकी, बदामी, आणि लोहाच्या जोडीने रुपेरी करड्यापासून कोळशासारख्या गडद रंगापर्यंत. जांभळा हवाच असेल तर दुसरी वनस्पती शोधलेली बरी. सुंदर करडा हवा असेल तर मात्र कुंपणावर माजलेल्या या काटेरी झुडपाची बरोबरी करणारं साधन सहज सापडत नाही.

आधी फळाचा रंग का टिकला नाही ते पाहू. त्याचा जांभळा रंग अँथोसायनिन गटातल्या द्रव्यांचा आहे. ब्लॅकबेरीत त्यातलं मुख्य सायनिडिन-३-ग्लुकोसाइड. हे द्रव्य पाण्याच्या सामूप्रमाणे, म्हणजे पीएचप्रमाणे, आपली रचनाच बदलतं. तीव्र आम्लात ते लाल असतं, सौम्य आम्लात त्याचा बराचसा भाग रंगहीन रूपात जातो, उदासीन पाण्यात जांभळट-निळसर होतं, आणि अल्कलीत निळं-हिरवट होऊन तुटायला लागतं. कपडे धुण्याचा साबण अल्कलीयुक्त असतो. म्हणजे पहिल्या धुण्यात कापडावरचा रंग नुसता धुऊन गेला नाही, उरलेलाही बदलला. उन्हात तर हे द्रव्य तुटतंच. आणि उकळल्यामुळे निम्मं नुकसान आधीच झालेलं होतं, कारण अँथोसायनिनला जास्त उष्णता सोसत नाही.

मीठ आणि व्हिनेगर या जोडीबद्दल स्पष्टच लिहितो, कारण हा सल्ला सगळीकडे सापडतो आणि लोकांची कापडं वाया घालवतो. दोन्हींपैकी एकही रंगबंधक नाही. रंगबंधक म्हणजे असा धातूचा क्षार जो एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगद्रव्याला धरून ठेवतो. तुरटीतलं ॲल्युमिनियम आणि हिराकसातलं लोह ही त्याची नेहमीची उदाहरणं. व्हिनेगर फक्त पाणी आम्ल करतं. त्यामुळे रस लालसर आणि झळझळीत दिसतो, आणि माणसाला वाटतं की रंग धरला. मिठाने इथे काहीच साधत नाही.

फळांनी रंगवायचंच असेल तर निदान लोकर किंवा रेशीम घ्या, सूत नको. आधी तुरटी देऊन ठेवलेल्या १०० ग्रॅम लोकरीला ३०० ते ४०० ग्रॅम फळं लागतात. ती ठेचून पाण्यात तासभर ६० अंश सेल्सियसच्या आत गरम करा, दाट कापडातून गाळा, लोकर त्याच तापमानात तासभर ठेवा आणि रात्रभर त्याच पाण्यात थंड होऊ द्या. सायनिडिनच्या रेणूत शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांना ॲल्युमिनियम पकडू शकतं. म्हणून तुरटीवर रंग निळसर जांभळा येतो आणि थोडा जास्त टिकतो. थोडाच. उजेडात ठेवायची वस्तू याने रंगवू नये आणि अशी रंगवलेली वस्तू कुणाला विकू तर मुळीच नये. बंद वहीत राहणारी शाई हा या रसाचा प्रामाणिक उपयोग आहे.

आता पाल्याकडे वळू.

ब्लॅकबेरी हे गुलाबाच्या कुळातलं झुडूप. शास्त्रीय नाव रुबस फ्रुटिकोसस असं लिहितात, पण ती एकच जात नाही. फलनाशिवाय, म्हणजे नर-मादी पेशींच्या मिलनाशिवाय, बी धरण्याच्या सवयीमुळे तिचे शेकडो बारीक भेद झाले आहेत आणि तज्ज्ञांनाही ते वेगळे काढायला वेळ लागतो. रंगाऱ्याला त्यात शिरायची गरज नाही. पानं तीन ते पाच पर्णिकांची, कडा दातेरी, पानाच्या खालच्या मधल्या शिरेवरही काटे, फांद्या कमानीसारख्या वाकलेल्या आणि टोक जमिनीला टेकलं की तिथेच मुळं धरणाऱ्या: एवढी ओळख पुरते. रासबेरीशी गोंधळ होत असेल तर पिकलेलं फळ तोडून पाहा. ब्लॅकबेरीचा मधला पांढरा गाभा फळाबरोबर निघून येतो, रासबेरीचा झाडावरच राहतो आणि फळ पोकळ निघतं. रासबेरीच्या पाल्यातही टॅनिन, म्हणजे लोहाशी मिळून करडा-काळा रंग देणारं तुरट द्रव्य, असतं, त्यामुळे चुकून तो आला तरी काम बिघडत नाही.

फांद्यांचं चक्र समजून घेणं जास्त महत्त्वाचं. मूळ अनेक वर्षं जगतं, फांदी मात्र दोनच वर्षांची. पहिल्या वर्षी ती फक्त वाढते आणि पानं धरते. दुसऱ्या वर्षी फुलते, फळते आणि मरते. आपल्याला हवे ते कोंब पहिल्या वर्षाच्या फांद्यांचे. वसंतापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत त्यांचे वरचे १५ ते २० सेंटिमीटरचे मऊ शेंडे कात्रीने घ्यावेत. याने झुडपाचं नुकसान होत नाही. शेंडा खुडला की बाजूला फांद्या फुटतात आणि पुढच्या वर्षी फळं त्यांवरच लागतात. ब्लॅकबेरीची शेती करणारे मुद्दाम असे शेंडे खुडतात. फळ देऊन संपलेल्या फांद्या तर बुडापासून कापून त्यांची पानं घेता येतात. कोवळ्या शेंड्यांतून पिवळ्याकडे झुकणारा स्वच्छ रंग मिळतो, मोसमाच्या शेवटच्या निबर पानांतून तपकिरीकडे झुकणारा. करड्यासाठी दोन्ही चालतात.

कुठून तोडायचं हे मात्र नीट पाहावं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चिली आणि अमेरिकेचा वायव्य किनारा इथे हे झुडूप आक्रमक तण आहे आणि त्यावर तणनाशक फवारतात. अमेरिकेत माजलेली जात रुबस आर्मेनियाकस. नवनव्या वनस्पती तयार करणारे अमेरिकन ल्यूथर बरबँक यांनी १८८५ मध्ये ती ‘हिमालय जायंट’ या नावाने लागवडीसाठी आणली, प्रत्यक्षात ती आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची. अशा ठिकाणी पाला हवा तेवढा तोडा, पण पानं एकाएकी पिवळी पडलेली, शेंडे पिळवटलेले किंवा पानांवर फवाऱ्यात खुणेसाठी मिसळलेल्या रंगाचे ठिपके दिसले तर हात लावू नका. वसंतात जाळीत पक्ष्यांची घरटी असतात, म्हणून बाहेरच्या कडेचेच शेंडे घ्यावेत. हातात जाड चामड्याचे मोजे हवेत. विणलेल्या मोज्यांतून काटे सरळ आत जातात आणि मोडून बोटात राहतात.

पाल्यात काय आहे? दोन गोष्टी. पहिली टॅनिन, तेही बरंच. दुसरी, क्वर्सेटिन आणि केम्फेरॉल यांच्यासारखी पिवळी फ्लॅव्हॉनॉल द्रव्यं. तुरटी पिवळ्याला उठाव देते, लोह टॅनिनला. पुढच्या सगळ्या कृती याच एका गोष्टीवर चालतात, म्हणून आधी कोणता रंग हवा ते ठरवा आणि मग धागा तयार करायला घ्या.

सगळी मापं आणि टक्के कोरड्या धाग्याच्या वजनावर आहेत, वेगळं लिहिलं नसेल तिथे १०० ग्रॅम धाग्याला. धागा भिजवण्याआधी तोलून घ्यावा. भिजल्यावर तोलला तर सगळा हिशेब चुकतो.

सूत असेल तर पहिलं काम मेण, पेक्टिन आणि कांजी काढण्याचं, आणि बहुतेकांचं रंगकाम इथेच बिघडतं. १०० ग्रॅम सुताला ३ ते ४ लिटर पाणी, ४ ते ५ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घेऊन दीड तास हलक्या उकळीत ठेवा. सोडा स्फटिकांच्या रूपात असेल तर त्यात पाणीच जास्त असतं, वजन पावणेतीन पट घ्यावं लागतं. पाणी चहासारखं झालं तर ते ओतून पुन्हा एकदा करा. झालं की नाही हे कळायला सोपी परीक्षा आहे: वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला गेला तर तयार. मण्यासारखा वर बसून राहिला तर त्या ठिकाणी रंगही असाच बसणार नाही आणि ढगाळ डाग पडतील. बाजारातून ‘रंगवायला तयार’ म्हणून आणलेलं कापडही या परीक्षेतून काढावं.

लोकरीला सोडा कधीही दाखवू नका, अल्कलीने ती खरखरीत होते आणि कुजते. सौम्य, उदासीन साबणाच्या ५० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवणं पुरे. गरम पाण्यातून थेट थंड पाण्यात टाकू नका, पिळू-चोळू नका. तापमानाच्या झटक्याने आणि हालचालीने ती आटून नमद्यासारखी होते.

रंगाचं पाणी काढण्यासाठी १०० ग्रॅम धाग्याला ३०० ग्रॅम ताजा पाला घ्या, गडद छटेसाठी ४०० ग्रॅम. वाळवलेला असेल तर १०० ते १३० ग्रॅम. कोंब ३-४ सेंटिमीटरचे तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवावेत. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात हळूहळू ८५ अंशांपर्यंत नेऊन तासभर ठेवा. खळखळ उकळू नका. जोराच्या उकळीने पिवळा मळतो आणि तपकिरी पुढे येतो. करडाच काढायचा असेल तर याने फारसं बिघडत नाही, पण पिवळ्यासाठी ही आच निर्णायक आहे. मग दाट विणीच्या कापडातून दोनदा गाळा. चाळणीवर भागत नाही, कारण बारीक काटे आणि पानांची लव खाली उतरते आणि धाग्यात अडकून नंतर कातडीला टोचत राहते. चोथ्यावर नवीन पाणी घालून दुसरा काढा काढता येतो, त्यात अजून पुष्कळ टॅनिन असतं.

भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा न उडालेल्या एनॅमलचं हवं. लोखंडी कढई, गंजलेली बादली, एनॅमल उडालेलं पातेलं यांतलं काहीही वापरलं तर पिवळा कधीच मिळणार नाही. पाण्यातही लोह असू शकतं. ते तपासायला वेगळं काही आणावं लागत नाही: पेलाभर पाण्यात थोडा गाळलेला काढा घालून पाव तास ठेवा. पाणी पिवळसर राहिलं तर ठीक. करडं किंवा काळपट झालं तर पाण्यात लोह आहे, पिवळ्यासाठी पावसाचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्या.

पिवळ्या आणि खाकीसाठी तुरटी लागते. १०० ग्रॅम लोकरीला १२ ग्रॅम तुरटी आणि ६ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पूड) वेगवेगळ्या गरम पाण्यात विरघळवून एकत्र करा, भिजलेली लोकर घाला, तासाभरात ८५ अंशांपर्यंत न्या, आणखी तासभर ठेवा, तशीच थंड होऊ द्या. तुरटी जास्त घातली की रंग जास्त येईल हा समज चुकीचा आहे. १५ टक्क्यांच्या पुढे लोकर चिकट लागते आणि जास्तीची तुरटी रंगाच्या पाण्यात उतरून तिथेच रंग पकडते. मग लोकर पाल्याच्या पाण्यात ८० अंशांच्या आसपास तासभर ठेवावी आणि रात्रभर राहू द्यावी.

सुताला ॲल्युमिनियम आपणहून धरवत नाही, म्हणून आधी टॅनिन द्यावं लागतं. इथे ब्लॅकबेरीचा फायदा असा की ते तिच्याच पाल्यात आहे. धुतलेलं सूत पाल्याच्या काढ्यात ५० ते ६० अंशांवर दोन तास ठेवा आणि न धुता निथळून घ्या. मग १२ ग्रॅम तुरटीच्या पाण्यात दीड ग्रॅम निर्जल सोड्याचं पाणी थोडं थोडं घाला. फेस येतो, तो बसू द्या. सूत त्यात रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी हलकं खंगाळून पुन्हा ताज्या काढ्यात रंगवा. एवढं करूनही सुतावरचा पिवळा लोकरीपेक्षा फिकाच येतो, हे आधीच मान्य करून कामाला लागावं. ज्याला सूत गडद हवं आहे त्याने करड्याकडे जावं.

करड्याला तुरटी मुळीच लागत नाही. पाल्यातलं टॅनिन आणि हिराकस यांतून लोह-टॅनेट तयार होतं. जुन्या हस्तलिखितांची काळी शाई याच तत्त्वावरची. धुतलेलं सूत काढ्यात दोन तास किंवा रात्रभर ठेवून निथळा. वेगळ्या भांड्यात ३ लिटर कोमट पाण्यात, ४० ते ५० अंशांवर, २ ग्रॅम हिराकस पूर्ण विरघळवा. स्फटिक शिल्लक असताना धागा घातला तर जिथे स्फटिक टेकतो तिथे काळा ठिपका पडतो आणि तो परत निघत नाही. धागा पूर्ण ओला करून एकाच वेळी आत सोडा आणि १० ते १५ मिनिटं सतत हलवत राहा. रंग पहिल्या मिनिटातच फिरायला लागतो, म्हणून एक टोक आधी आणि दुसरं नंतर बुडवलं तर फरक कायमचा राहतो. बाहेर काढल्यावर अर्धा तास हवेत पसरून ठेवा. हवेतल्या प्राणवायूने लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि छटा आणखी गडद होते. त्यामुळे भांड्यात असताना रंग फिका वाटला म्हणून घाईने हिराकस वाढवू नका.

गडद काळ्याच्या जवळ जायचं असेल तर एकदाच भरपूर लोह देणं हा मार्ग नव्हे. काढा, मग १ टक्का हिराकस, खंगाळणं, पुन्हा काढा, पुन्हा १ टक्का: अशा तीन-चार फेऱ्या कराव्यात. प्रत्येक फेरीला लोहाला पकडायला ताजं टॅनिन मिळतं. टॅनिनशिवाय उरलेलं लोह धाग्यात गंजासारखं राहतं, नंतर तांबूस दिसायला लागतं आणि कापड आतून ठिसूळ करतं. या क्रियेत आम्लही सुटतं, जे सुताला खातं. म्हणून शेवटी सुती माल लिटरमागे ५ ग्रॅम खडूपूड ढवळलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून मगच धुवावा. लोकरीला एकूण २ टक्क्यांच्या पुढे हिराकस देऊ नये, ती खरखरीत होऊन तुटते. लोकरीवर छटाच गडद करायची असेल तर पाला वाढवा, लोह नको.

काहीजण वेळ वाचवायला हिराकस थेट काढ्याच्या पातेल्यात टाकतात. पाणी लगेच शाईसारखं काळं होतं आणि दिसायला ते फारच आशादायक असतं. पण ते काळं पाण्यातच तयार झालेले कण आहेत, धाग्यात नाहीत. ते वरवर बसतात, वाळल्यावर हाताला लागतात, पांढऱ्या कपड्यावर घासून डाग पाडतात. रंगवलेल्या मालाला कोरडं पांढरं फडकं घासून पाहावं. फडकं काळं झालं तर उदासीन साबणाच्या कोमट पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन तो वरचा थर काढल्याशिवाय माल वापरू नये.

धुतल्यावर करड्यावर पांढरट डाग दिसले तर आम्लाकडे बोट दाखवावं. लिंबाचा रस, व्हिनेगर, सायट्रिक आम्ल, ऑक्झॅलिक आम्ल ही सगळी लोह सोडवून घेतात आणि रंग उतरवतात. व्हिनेगरच्या पाण्यात शेवटचं खंगाळणं हा लोकरीसाठी दिला जाणारा सल्ला इथे उलटा पडतो. याच गुणाचा वापर करून नक्षीही काढता येते: घट्ट केलेलं सायट्रिक आम्ल छापून नंतर नीट धुवावं, तिथला करडा उतरतो.

पानांचा ठसा काढणाऱ्यांसाठीही ब्लॅकबेरी फार चांगली. हलक्या हिराकसात बुडवलेल्या कापडावर पानं खालची बाजू टेकवून ठेवा, काठीवर घट्ट गुंडाळा, दोऱ्याने आवळा आणि दीड-दोन तास वाफ द्या. दातेरी कडा आणि शिरा स्वच्छ उमटतात. गुंडाळी सैल राहिली तर नुसता धुरकट डाग उमटतो.

टिकाऊपणाची परीक्षा प्रत्येक घाण्याची करावी. रंगवलेल्या धाग्याची पट्टी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून दक्षिणेकडच्या खिडकीत, दक्षिण गोलार्धात असाल तर उत्तरेकडच्या, महिनाभर ठेवा आणि दोन भाग शेजारी धरून पाहा. सोबत फळांच्या रसाची एक पट्टी ठेवली तर या उत्तराचा सुरुवातीचा मुद्दा वेगळा पटवून द्यावा लागणार नाही. पाल्याचा करडा या परीक्षेत चांगला उतरतो, तुरटीवरचा पिवळा मध्यम, काही प्रमाणात तपकिरीकडे सरकतो.

सुरक्षिततेचं एवढं पाळा: रंगाची भांडी आणि चमचे पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. हिराकस पोटात गेल्यास लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतं, डबा कुलपात ठेवा. मोरचुदाने ऑलिव्हसारखी हिरवट छटा येते, पण तांबं जलचरांना फार घातक आहे आणि लोहाच्या एखाद्या थेंबाने जवळपास तीच छटा साधते, तेव्हा मोरचूद वगळा. पोटॅशियम डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. जुन्या कृतींत दिसलं तरी त्याला घरात जागा देऊ नका. तुरटीचं वापरलेलं पाणी टाकून न देता अर्ध्या मापाची तुरटी घालून पुढच्या घाण्याला चालतं. टाकायचंच झालं तर भरपूर पाणी मिसळून, तळं-ओढ्यापासून दूर, मातीत जिरवा.

पाला साठवायचा असेल तर सावलीत, हवा खेळेल असा पसरून वाळवा आणि पान बोटांत चुरलं जाईपर्यंत पिशवीत भरू नका. ओलसर राहिला तर बुरशी लागते आणि टॅनिन खाल्लं जातं. वाळल्यावर काटे आणखी टणक होतात, तेव्हा पिशवीत हात घालताना मोजे चढवूनच घालावेत.